टीवाय आणि लास्ट इयरचे कॉम्प्युटरचे विषय: हाताने करून शिकण्याची वाट

जून-जुलै उजाडला की पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, भुसावळहून जळगावला अप-डाऊन करणाऱ्या मुलामुलींचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. "भाऊ, इलेक्टिव्ह कोणतं घेऊ?" "ओएसचे आयएमपी आहेत का?" "टॉक निघेल का पहिल्या झटक्यात?" (इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय, ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आयएमपी म्हणजे महत्त्वाचे प्रश्न आणि टॉक म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन.) या प्रश्नांमागची धास्ती मला ठाऊक आहे, कारण मी याच गाड्यांनी अप-डाऊन केलं आहे.

टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, मी सेमाफोरची (एकाच वस्तूवर अनेकांनी एकदम हात टाकू नये म्हणून लावायच्या सिग्नलची) व्याख्या पाठ करून ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चांगले मार्क मिळवले. पुढे पहिल्याच नोकरीत दोन थ्रेड, म्हणजे एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे दोन धागे, एकाच शिलकीवर लिहीत होते आणि हिशेब रोज थोडा थोडा चुकत होता. ती चूक सापडायला मला अकरा दिवस लागले. ज्या गोष्टीवर परीक्षेत दोन पानं भरली होती तीच समोर उभी होती आणि मला ओळखू आली नाही. म्हणून या लेखात माझा प्रत्येक विषयासाठी एकच आग्रह आहे: त्या विषयातली एक तरी वस्तू स्वतः बांधायची, मुद्दाम मोडायची आणि पुन्हा उभी करायची. परीक्षेचा अभ्यास त्यातून बराचसा आपोआप होतो.

पहिलं काम: विषयांचा क्रम लावा

तुम्ही कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात बीएस्सी कॉम्प्युटर किंवा बीसीए करत असाल, नाहीतर शिरपूर, धुळे, जळगाव, भुसावळच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात असाल. पेपरांची नावं आणि सेमिस्टर वेगळे असतील, पण वरच्या वर्षांचा गाभा तोच असतो: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, अल्गोरिदम आणि मग इलेक्टिव्ह.

एका कागदावर या सगळ्यांचे गोल काढा आणि "हे येत असेल तरच ते कळेल" असे बाण जोडा. सीमधले पॉइंटर आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन यांच्याकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे बाण जाईल. डिस्क्रीट मॅथ्सकडून एक बाण थिअरीकडे आणि एक अल्गोरिदमकडे, थिअरीकडून कंपायलरकडे, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटीकडून मशीन लर्निंगकडे. आता ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो विषय उचला, खोडा, पुन्हा तेच करा. याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात आणि तो तुमच्या अल्गोरिदमच्या पेपरातच आहे. या कागदावर तुमची कच्ची जागा लगेच दिसते. मला भेटणाऱ्या बहुतेक मुलांची कच्ची जागा एकच असते, पॉइंटर. ते कच्चे असतील तर सुट्टीतले पंधरा दिवस लिंक्ड लिस्ट, झाड आणि हॅश टेबल सीमध्ये कोऱ्या फाइलपासून लिहिण्यात घाला. ते होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावू नका.

मशीनचं म्हणाल तर ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता आली तर तो खर्च मात्र करा. लिनक्स टाका. विंडोज ठेवायचंच असेल तर त्याच्या आत डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, चालू करा. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा.

आणखी एक सवय, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास. पेपर इंग्रजीत आहे म्हणून विचारही इंग्रजीत करायला जाऊ नका. वहीच्या डाव्या पानावर ती कल्पना आपल्या बोलीत लिहा, घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत. उजव्या पानावर इंग्रजी उत्तर. डावं पान कोरं राहिलं, तर उजवीकडचं अजून नुसतं पाठांतरच आहे असं समजा.

ऑपरेटिंग सिस्टिम: इथे घाई करू नका

माझ्या मते वरच्या वर्षांतला सर्वांत मोलाचा विषय हाच, म्हणून याला सबंध सेमिस्टर द्या.

सुरुवात फोर्कपासून करा, म्हणजे चालू प्रोसेसची (चालत असलेल्या प्रोग्रामची) दुसरी प्रत काढणाऱ्या आज्ञेपासून. सीमध्ये एकापाठोपाठ तीन फोर्क लिहा आणि खाली एक प्रिंट. किती ओळी छापल्या जातील ते आधी वहीत लिहा, मग चालवा. उत्तर ८ येतं, कारण प्रत्येक फोर्कला असलेली प्रत्येक प्रोसेस दुप्पट होते. त्या ८ प्रोसेसचं झाड हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा प्रयोग माझ्या अकरा दिवसांचा. एक काउंटर घ्या, दोन थ्रेड करा आणि प्रत्येकाला तो १०-१० लाख वेळा एकाने वाढवायला सांगा. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर तो सगळं लूप एका बेरजेत उरकून टाकेल आणि गंमत दिसणार नाही. उत्तर २० लाख यायला हवं. बहुतेक वेळा कमी येईल, आणि दर वेळी वेगळं. कारण "एकाने वाढव" हे मशीनला एक काम नाही, तीन आहेत: किंमत वाचणं, वाढवणं, परत लिहिणं. एकाने वाचल्यावर आणि लिहिण्याआधी दुसऱ्याने वाचलं की एक वाढ बुडाली. आता म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावा, २० लाख बरोबर येतील. मग वेळ मोजा. कुलपाला किती किंमत पडते तेही कळेल.

कुलपं समजली की चाळीसगाव-धुळे लाईनसारखा एकेरी रूळ डोळ्यांसमोर आणा. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. सेमाफोर हे नावही रेल्वेच्या हात हलणाऱ्या जुन्या सिग्नलचंच, डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात ते कॉम्प्युटरमध्ये आणलं. समजा दोन गाड्या समोरासमोर आल्या. प्रत्येकीने आपल्या पायाखालचा तुकडा धरला आहे आणि प्रत्येकीला दुसरीच्या पायाखालचा हवा आहे. हा डेडलॉक. त्याच्या चारही अटी या चित्रात आहेत: तुकडा वाटून घेता येत नाही, हातातला धरून दुसऱ्याची वाट पाहिली जाते, कोणी हिसकावून घेऊ शकत नाही आणि वाट पाहण्याचं वर्तुळ पूर्ण झालं आहे. एक अट मोडली की डेडलॉक टळतो. प्रोग्राममध्ये सहसा शेवटची मोडतात, म्हणजे सगळ्या कुलपांना क्रमांक देतात आणि नेहमी लहान क्रमांकाचं आधी घेतात. दोन कुलपांचा प्रोग्राम मुद्दाम अडकवा, मग क्रम लावून सोडवा. ओरलला परीक्षकांसमोर हे सांगताना तुमचा आवाज बदललेला असेल.

मेमरीसाठी आधी कागदावर हिशेब. ३२ बिटचा पत्ता म्हणजे ४ जीबी. मेमरीचे सारखे तुकडे पाडतात, त्यांना पानं (पेज) म्हणतात; पान ४ केबीचं धरलं तर पानं झाली १०,४८,५७६. प्रत्येकाच्या नोंदीला ४ बाइट लागले तर एकाच प्रोसेसचं पेज टेबल ४ एमबी. शंभर प्रोसेस चालू असतील तर ४०० एमबी नुसत्या नोंदवह्यांना! मल्टिलेव्हल पेज टेबल का आलं, हे या बेरजेनंतर कोणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं झालं की एक्सव्ही६ उघडा. ही एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवरची. ती फुकट मिळते आणि केमू नावाच्या एम्युलेटरमध्ये साध्या लॅपटॉपवरही पळते. तिच्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मारायची हाक) घाला, उदाहरणार्थ "आत्ता किती प्रोसेस जिवंत आहेत" ते सांगणारा. नंबर द्यायचा, टेबलात नोंदवायचा, कर्नलमध्ये फंक्शन लिहायचं आणि युजरच्या बाजूने हाक मारायची. पहिल्यांदा दोन-तीन दिवस जातात. त्यानंतर युजर मोड आणि कर्नल मोड यांतला फरक पुन्हा वाचावा लागत नाही.

डेटाबेस: व्यापाऱ्याच्या वहीपासून

पोस्टग्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस टाका. रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्याची वही डोळ्यांसमोर ठेवा: शेतकऱ्याचं नाव, गाव, किती क्विंटल, भाव, दिलेले पैसे. आधी सगळं एकाच टेबलात भरा. मग एका शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलून बघा. तो पन्नास ओळींत बदलावा लागेल आणि एक तरी ओळ सुटेल. आता टेबलं वेगळी करा. नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या यानंतर वाचा, त्या एकदम ओळखीच्या वाटतील.

मग १० लाख खोट्या ओळी भरा. पोस्टग्रेसमध्ये आकड्यांची मालिका तयार करण्याचं फंक्शन आहे, एका आज्ञेत काम होतं. एका शेतकऱ्याच्या ओळी शोधा आणि क्वेरीच्या आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवणारी आज्ञा) लावा. सगळं टेबल चाळल्याचं दिसेल. इंडेक्स टाकून तीच क्वेरी पुन्हा चालवा आणि दोन्ही वेळा वहीत लिहा. एवढा फरक कशाने, याचं उत्तर इंडेक्स ज्या झाडात साठवतात त्या बी प्लस ट्रीत आहे. एका नोडला २०० फांद्या धरल्या तर तीन पायऱ्यांत ८० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येतं.

ट्रान्झॅक्शनसाठी दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. पहिल्यात ट्रान्झॅक्शन सुरू करून एका शेतकऱ्याची बाकी बदला, पण कमिट करू नका. दुसऱ्यात तीच ओळ बदलायचा प्रयत्न करा. दुसरं टर्मिनल थांबून राहील. पहिल्यात कमिट केलं की ते सुटतं. ट्रान्झॅक्शनच्या अ‍ॅसिड या चार गुणांमधला "आय", म्हणजे आयसोलेशन (एकाचं काम दुसऱ्यापासून वेगळं ठेवणं), तुमच्या डोळ्यांसमोर थांबलेला असतो तो क्षण चुकवू नका.

नेटवर्क

सात लेयरची नावं घोकण्यात आठवडा घालवू नका. वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन टाका, एक साइट उघडा आणि पॅकेट बघा: आधी नावावरून साइटचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा, मग जोडणी सुरू करणारे टीसीपीचे सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक आणि मग ४४३ पोर्टवरचं कुलूपबंद संभाषण. सगळे लेयर एकाच पॅकेटमध्ये एकावर एक उलगडतात. नंतर सीमध्ये किंवा पायथॉनमध्ये सॉकेट वापरून दोन मोबाइलमधल्या गप्पांइतका साधा चॅट प्रोग्राम लिहा.

एक हिशेब जरूर करा. टीसीपीची मूळ विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा जास्तीत जास्त डेटा, ६५,५३५ बाइटची. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला दहाच खेपा, म्हणजे साधारण ५.२ मेगाबिट. लाईन १०० मेगाबिटची असली तरी तेवढंच. विंडो स्केलिंग का आणावं लागलं ते यावरून कळेल.

थिअरी आणि कंपायलर: जोडीने

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला मुलं घाबरतात, पण अप-डाऊन करणाऱ्यांसाठी याहून सोयीचा विषय नाही. लॅपटॉप नको, वीज नको, नेट नको. वही आणि पेन्सिल घेऊन खिडकीशी बसा. पाचोरा ते जळगाव एक डीएफए, म्हणजे मोजक्या अवस्थांचं कागदी मशीन, होतो.

पहिला हा करा: बायनरी आकडा डावीकडून वाचत जायचा आणि त्याला तीनने भाग जातो का ते सांगायचं. नवा बिट आला की जुनी बाकी दुप्पट होते आणि त्यात तो बिट मिळवला जातो. म्हणून बाकी ०, १, २ अशा तीनच अवस्था पुरतात. आकडा कितीही लांब असो, मशीनला फक्त बाकी लक्षात ठेवायची आहे. "मर्यादित स्मरणात काय मावतं" हाच या विषयाचा पहिला अर्धा भाग आहे. मग कंस जुळवण्याचा प्रश्न घ्या. किती कंस उघडे आहेत ते मोजावं लागतं, मोजणीला मर्यादा नाही, म्हणून डीएफए हरतो आणि स्टॅक लागतो. पंपिंग लेमा (एखादी भाषा रेग्युलर नाही, म्हणजे डीएफएला ओळखता येत नाही, हे दाखवण्याचं साधन) पाठ करू नका, दोघांत खेळा. समोरचा एक लांबी सांगतो, तुम्ही त्याहून लांब शब्द देता, तो त्याचे तुकडे पाडतो, तुम्ही मधला तुकडा किती वेळा घालायचा ते सांगून शब्द भाषेबाहेर काढता. तो कसाही खेळला तरी तुम्हीच जिंकत असाल, तर भाषा रेग्युलर नाही. शेवटी ट्युरिंग यांचं १९३६चं काम येतं: काही प्रश्न कोणताच प्रोग्राम सोडवू शकत नाही. ते युक्तिवाद सावकाश, दोन-तीनदा वाचा. अख्ख्या पदवीत मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट ती आहे.

कंपायलरसाठी चार आठवडे काढून छोटी भाषा बनवा आणि ती मराठीत बनवा. "जर", "नाहीतर", "छाप" एवढे शब्द, बेरीज-गुणाकार आणि कंस. पहिल्या आठवड्यात लेक्सर, म्हणजे मजकूर शब्दाशब्दांत तोडणारा भाग. देवनागरी अंक युनिकोडमध्ये ओळीने बसवलेले आहेत, म्हणून कोणत्याही अंकाच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की त्याची किंमत मिळते. दुसऱ्या आठवड्यात रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर, म्हणजे त्या शब्दांची रचना ओळखणारा भाग, व्याकरणाच्या एका नियमाला एक फंक्शन. इथे गुणाकार बेरजेच्या आधी का होतो ते तुम्हाला स्वतः ठरवावं लागेल. डावीकडे पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोलावणारा नियम लिहिलात तर प्रोग्राम अनंत फिरेल. तो एकदा फिरू द्या, लेफ्ट रिकर्शन का काढतात ते कायमचं लक्षात राहतं. तिसऱ्या आठवड्यात झाड, चौथ्यात त्या झाडावरून चालणारं छोटं स्टॅक मशीन. फ्लेक्स आणि बायसन ही लेक्सर-पार्सर आपोआप बनवून देणारी साधनं यानंतर वापरा, आधी नाही.

अल्गोरिदम

रोज एक प्रश्न, पण मोजून. सेकंदाला १० कोटी साधी कामं धरा. १० लाख नोंदी वर्गाच्या वेगाने लावायच्या तर जवळजवळ पावणेतीन तास, मर्ज सॉर्टने सेकंदाचा काही भाग. हा हिशेब कोड लिहिण्याआधी करायची सवय लावा.

ग्राफसाठी आपल्या स्टेशनांचा नकाशा घ्या: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड एका ओळीत. जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, पुढे सुरत. चाळीसगावहून धुळे. टाइमटेबलमधून अंतरं भरा आणि सर्वांत जवळची वाट शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत हाताने चालवा. रुळाने केवढा वळसा पडतो ते बघा, मग धुळे-नंदुरबार रस्त्याची एक कडा मिळवून पुन्हा चालवा. एका कडेने किती स्टेशनांची उत्तरं बदलली?

ग्रीडी, म्हणजे प्रत्येक पायरीला समोरचं सगळ्यात मोठं उचलणं, नेहमी चालतं असं वाटायला लागलं की १, ३ आणि ४ रुपयांची नाणी कल्पून ६ रुपये द्या. ग्रीडी देतं ४, १, १ अशी तीन नाणी, खरं उत्तर ३ आणि ३. डायनॅमिक प्रोग्रामिंगचं दार इथून उघडतं. आणि संशोधन हे दूरचं काम आहे असं वाटत असेल तर २००२ आठवा. आकडा मूळसंख्या आहे का ते पॉलिनॉमियल वेळेत नक्की सांगणारा अल्गोरिदम आयआयटी कानपूरच्या मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिला. कयाल आणि सक्सेना यांचं बीटेक त्याच वर्षी पूर्ण झालं होतं.

इलेक्टिव्ह, एनपीटेल, गेट

इलेक्टिव्ह निवडताना नाव नको, प्रॅक्टिकलची यादी बघा आणि शिकवणार कोण ते विचारा. मशीन लर्निंग घेणार असाल तर आपल्याकडचा ठरलेला विषय येतो: केळीच्या पानावरचा करपा फोटोवरून ओळखणं. विषय चांगला आहे, पण दोन खड्डे आहेत. एकाच झाडाचे दहा फोटो काढून ते ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये विखुरले तर मॉडेल रोग न ओळखता ते झाडच ओळखतं. म्हणून वाटणी शेतानुसार करा, एका शेताचे सगळे फोटो एकाच बाजूला. दुसरं, १०० पानांत ९५ निरोगी असतील तर प्रत्येक पानाला "निरोगी" म्हणणारा प्रोग्रामही ९५ टक्के अचूक ठरतो आणि एकही आजारी पान पकडत नाही. अ‍ॅक्युरसीबरोबर रिकॉल, म्हणजे खऱ्या आजारी पानांपैकी किती पकडली, तेही सांगा. फोटो स्वतः शेतात जाऊन काढा, सकाळी आणि दुपारी, दोन-तीन वेगळ्या मोबाइलवर.

शिकवायला कोणी नसेल तिथे एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, आहे. नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट, परीक्षेला फी. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटना २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन. व्हिडिओ रात्री उतरवून घ्या आणि गाडीत बघा. क्रेडिट तुमच्या कॉलेजात धरले जातील का, हे नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारा.

गेट ही एमटेकच्या प्रवेशासाठीची परीक्षा टीवायलाही देता येते. १०० मार्कांपैकी ७२ याच गाभ्याच्या विषयांना, १३ गणिताला, १५ अ‍ॅप्टिट्यूडला. पहिल्या प्रयत्नात आकड्याची चिंता न करता फक्त कुठे अडलो ते टिपून ठेवा.

लास्ट इयर प्रोजेक्ट

तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका. त्या पैशांपेक्षा तुमचे सहा महिने महाग आहेत. आपल्या भागात न झालेली कामं ढिगाने पडून आहेत, आणि अहिराणी-लेवा गणबोलीसाठीची साधनं त्यात मला सगळ्यात जवळची वाटतात. विद्यापीठाला जिचं नाव आहे ती कवयित्री ज्या बोलीत बोलली, तिच्यासाठी शब्द तपासणारं साधं साधनही आपण आपल्या हाताने बनवू शकतो.

सुरुवात लहान असू द्या. "भुसावळ" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, युनिकोडमध्ये सहा खुणांचा आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा. हे तिन्ही आकडे वेगळे का, ते सांगणारा प्रोग्राम हे पहिल्या आठवड्याचं काम. दुसऱ्या आठवड्यात शब्द वर्णक्रमाने लावा. साधं सॉर्ट "केळ" हा शब्द "केस"च्या आधी ठेवेल, कारण युनिकोडमध्ये ळ हा व-श-ष-सच्या आधी बसला आहे, तर आपल्या बाराखडीच्या तक्त्यात तो ह-नंतर येतो. हा क्रम दुरुस्त करा. तिसऱ्या आठवड्यापासून घरी जाऊन आजीकडून, मामाकडून शब्द गोळा करा, शब्दापुढे गाव आणि तालुका लिहा, कारण शिरपूरचा शब्द चाळीसगावला बदललेला असतो. दोन हजार शब्द झाले की एडिट डिस्टन्सने (एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात त्या मापाने) जवळचा शब्द सुचवणारा प्रोग्राम लिहा. डेटाबेस, अल्गोरिदम आणि लेक्सर तिन्ही त्यात लागतात, आणि ते तुम्ही तोवर हाताने केलेले असतील.